पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करण्याआधी : आमच्या सोसायटीतल्या घरमालकांना खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापक समिती आणि फ्लॅट भाड्याने दिलेले सर्व सभासद,
सिंहगड रस्ता, पुणे

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या सभेत अगदी शेवटी, निम्मे लोक उठून गेल्यावर, एक ठराव तोंडी मांडला गेला. ज्या भाडेकरूचं भाडं लागोपाठ दोन महिने उशिरा येईल त्याचं नाव फलकावर लावायचं, गेटवरच्या ॲपमधून त्याचा प्रवेश काढायचा आणि तरीही सुधारणा झाली नाही तर त्या फ्लॅटचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी गप्प बसले, याचं मला आठवडाभर वाईट वाटत राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट मान्य करते. भाडं उशिरा येण्याचा त्रास खरा आहे आणि तो ज्याला होतो त्यालाच कळतो. सभेत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की त्यांच्या औषधांचा खर्च त्या भाड्यावर चालतो. त्यांचा आवाज कापत होता. माझाही एक बीएचके मी कर्ज काढून घेतला. हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला खात्यातून जातो. भाडं आलं नाही तर पेन्शनमधून जातो, आणि पेन्शनचे पैसे आधीच कुठे कुठे ठरलेले असतात. तेव्हा 'दहा दिवस उशीर झाला तर काय बिघडलं' असं मी कोणाला सांगणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. उशीर थांबवायचा असेल तर तो पहिल्याच महिन्यात, बोलून आणि कागदावर थांबवावा लागतो. आपण तिथे भीड धरतो, महिनोन्महिने मनात कुढतो आणि मग एक दिवस थेट पाण्याच्या व्हॉल्व्हला हात घालतो.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. २०१७ च्या जूनमध्ये माझा फ्लॅट मी एका कुटुंबाला दिला. नवरा-बायको आणि दोन मुलं. भाडं १४,०००, डिपॉझिट ४०,०००, भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत. त्या वर्षीची माझी डायरी अजून कपाटात आहे. परवा काढून पाहिली. भाडं मिळालं की मी त्या पानावर निळ्या पेनाने तारीख लिहीत असे. जून ४. जुलै ७. ऑगस्ट १२. सप्टेंबर १९. ऑक्टोबरमध्ये २१ तारखेला ८,०००, उरलेले ६,००० नोव्हेंबरच्या ९ तारखेला. नोव्हेंबरचं भाडं डिसेंबरात आलं. जानेवारीच्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

ही पानं ओळीने पाहिली तर लहान मुलालाही कळेल की तारीख पुढे सरकते आहे. मला तेव्हाही कळत होतं. पण जुलैत वाटलं, दोन दिवसांसाठी काय फोन करायचा. ऑगस्टमध्ये वाटलं, सणवार आहेत. सप्टेंबरात जिन्यात भेटले तेव्हा 'काकू, देतो हं' म्हणाले, आणि मी 'असू दे, असू दे' म्हटलं. ते 'असू दे' मला फार महागात पडलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

फेब्रुवारीपर्यंत दोन महिन्यांचं भाडं आणि लाइट बिल थकलं होतं. माझे दीर तापट स्वभावाचे. ते एका संध्याकाळी मला न सांगता मीटरच्या खोलीत गेले आणि त्या फ्लॅटचा फ्यूज काढून घेऊन आले. "आता बघ कसे पैसे येतात," म्हणाले. मी तासाभराने वर गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात, सोसायटीच्या दिव्याखाली, त्यांची मोठी मुलगी पायरीवर बसून भूमितीच्या आकृत्या काढत होती. वही मांडीवर, कंपास बाजूच्या पायरीवर उघडा. दहावीची परीक्षा आठवड्यावर आली होती. तिने मला पाहून पाय आखडून घेतले, मला जायला वाट दिली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

मी खाली येऊन दिरांच्या हातातून फ्यूज घेतला आणि स्वतः जाऊन बसवला.

त्या रात्री तिचे वडील माझ्याकडे आले. मान खाली होती. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. त्यांनी एक वाक्य सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. "काकू, माझं बिल पार्टीकडून वीस तारखेच्या पुढे निघतं. पाच तारखेला माझ्या हातात कधीच पैसे नसतात. तुम्ही जूनमध्ये विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं." मी विचारलं नव्हतं. एजंटने करारात '५ तारीख' टाकली, कारण त्याच्याकडच्या प्रत्येक करारात ती असते. मी सही केली, त्यांनीही केली. त्यांचीही चूक होतीच. सही करताना बोलायला हवं होतं, आणि डिसेंबरनंतर तर ते फोनही उचलेनासे झाले होते. मे महिन्यात ते सोडून गेले तेव्हा डिपॉझिट सगळं वळतं होऊनही माझे ९,००० रुपये बुडाले.

तेव्हापासून नवा भाडेकरू घर बघायला आला की नोकरी कुठे, माणसं किती, यासोबत मी हेही विचारते : तुमच्या हातात पैसे कोणत्या तारखेला येतात? आणि त्या तारखेच्या पुढे दोन दिवस धरून भाड्याची तारीख करारात घालते. सध्या एक परिचारिका राहते. तिचा पगार १० तारखेच्या आसपास होतो. तिची तारीख मी १२ ठेवली आहे. माझा हप्ता १० ला जातो, म्हणून सुरुवातीला एक महिन्याच्या हप्त्याएवढी रक्कम मी खात्यात कायमची बाजूला ठेवली. ते जमवायला मला चार महिने लागले, पण माझी दर महिन्याची धडधड थांबली. ती राहायला आल्यापासून एकदाच उशीर झाला, आणि तो तिने आदल्या दिवशी फोन करून कळवला.

आता खरा प्रश्न. तारीख त्यांच्या सोयीची करूनही कोणी उशीर केला तर?

माझी पद्धत सांगते. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी एक साधा निरोप. 'नमस्कार, या महिन्याचं भाडं काल यायला हवं होतं, अजून जमा दिसत नाही. काही अडचण असेल तर आज सांगा.' बस. त्यात टोमणा नाही, 'प्रत्येक महिन्याला तेच' नाही. हा निरोप पहिल्या उशिराला गेला पाहिजे, चौथ्या नव्हे. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच लिहून पाठवायचं : 'आत्ता बोलल्याप्रमाणे १८ तारखेला पूर्ण भाडं देणार आहात.' आपल्या लोकांना हे लिहून पाठवणं कोरडेपणाचं वाटतं. उलट त्यानेच संबंध टिकतात, कारण 'मी असं म्हटलंच नव्हतं' हा वाद राहत नाही. भाडं शक्यतो बँकेतून घ्या. रोख घेतलंत तर पावती द्या. पावती देणं ही घरमालकावर कायद्यानेच टाकलेली जबाबदारी आहे. आपल्यापैकी किती जण देतात?

लागोपाठ दुसऱ्या महिन्यात उशीर झाला तर मी समोरासमोर बसते. चहा करते, डायरी टेबलावर ठेवते आणि तारखा दाखवते. माणूस एका आठवड्याच्या अडचणीत आहे, तारीख चुकीची पडली आहे, की पैसे असून आपलं भाडं तो शेवटी ठेवतो आहे, हे त्या अर्ध्या तासात बहुतेक वेळा कळतं. या तिघांना एकच औषध देऊन चालत नाही.

अडचण खरी असेल तर हप्ते पाडून द्या, पण कागदावर. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं होतं, आठवत असेल. तेव्हा माझ्याकडे एक जोडपं राहत होतं. तो हॉटेलात कामाला, पगार निम्म्यावर आलेला. भाडं १५,००० होतं. एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने मी निम्मं घेतलं. राहिलेले २२,५०० जुलैपासून दरमहा २,५०० प्रमाणे नऊ हप्त्यांत द्यायचे असं एका कागदावर लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. बँकेने त्या काळात माझ्याही कर्जाचे हप्ते पुढे ढकलले होते. मला मिळालेली सवलत माझ्याजवळच ठेवणं मला बरं वाटलं नाही. शेवटचा हप्ता मार्च २०२१ मध्ये आला, ठरल्या दिवशी. कागद नसता तर त्या रकमेचं काय झालं असतं हे मला माहीत आहे, कारण २०१७ ची डायरी माझ्याकडे आहे.

दंडाबद्दल सभेत बरंच बोलणं झालं. 'दिवसाला हजार रुपये लावा' असं कोणीतरी म्हणालं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा काहीही लिहिला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. तेव्हा अवाच्या सवा दंड लिहून हातात काही पडत नाही, समोरचा मात्र पहिल्या दिवसापासून बिथरतो. मी पाच दिवसांच्या सवलतीनंतर सरसकट ५०० रुपये लिहिते. तेवढेही आजवर दोनदाच घेतले आहेत.

आता तिसरा प्रकार, पैसे असून न देणारा. हे लोक असतात, आणि त्यांच्यापुढे चहाचा उपयोग होत नाही. इथे तुमचं बळ तुमच्या करारात आहे. पण सभेत मी हात वर करायला सांगितले असते तर मला खात्री आहे, निम्म्या सभासदांकडे नोंदणी केलेला करारच निघाला नसता. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं, असा समज पक्का बसला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला) याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे 'भाडं १६,००० नव्हे, १०,००० ठरलं होतं' असं तो म्हणाला तर ते खोडून काढायचं तुम्ही. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

आणि वाचवतो तरी किती? १६,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का. सगळा हिशोब केला तर साडेचारशेच्या आसपास. नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये. ऑनलाइन होतं, घरबसल्या, आधार आणि अंगठ्यावर. वर एजंटची फी काय असेल ती.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी, कायद्याने भाडेकरूचा हक्क नव्हे) हातात असेल तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध याच भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र करून बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. परवानगी मिळाली तरच तो लढू शकतो. मुदतीनंतर जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे ठरल्या भाड्याच्या दुप्पट दराने पैसे देणं लागतो. करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. हे सगळं आपल्या बाजूने लिहून ठेवलेलं असताना आपण व्हॉल्व्हचा पाना का शोधतो आहोत?

मुदत संपायला आठ महिने असताना थकबाकी साचली तर काय, असं एका ताईंनी विचारलं होतं. त्यासाठी 'लागोपाठ दोन महिने भाडं थकल्यास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल' हे कलम करारात सुरुवातीलाच हवं. नोटीस वकिलाकडून, पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. ती व्हॉट्सॲपवरही पाठवा, पण नुसती व्हॉट्सॲपवर नको. आणि करार अकरा महिन्यांचाच ठेवा. सतत उशीर करणाऱ्याचा करार पुन्हा न करणं हा सगळ्यात स्वस्त आणि शांत उपाय आहे. मुदतीच्या दोन महिने आधी लेखी कळवलं की पुरतं. नवीन भाडेकरू शोधायचा कंटाळा, एजंटची पुन्हा फी, रंगकाम, यामुळे आपण त्याच माणसाचा करार वाढवून देतो आणि वर्षभर तक्रार करतो.

हे सगळं लिव्ह अँड लायसन्सचं. पेठेत ज्यांचे जुने वाडे आहेत, त्यांचं गणित निराळं, कारण तिथले लोक कायद्याने खरे भाडेकरू आहेत. थकबाकीच्या कारणावरून त्यांच्याकडून घर रिकामं करून घ्यायचा दावा लावायचा तर कलम १५ प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस आणि नंतर ९० दिवस थांबणं आलं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढे नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. माझ्या सासऱ्यांचा शनिवार पेठेत वाडा होता. एका बिऱ्हाडाचं भाडं महिना ३५ रुपये. उशिरावरून कडाक्याचं भांडण झालं आणि सासऱ्यांनी रागाच्या भरात 'तुझा पैसा मला नको' म्हणून भाडं घेणंच बंद केलं. तो माणूस दर महिन्याला मनीऑर्डर करू लागला. पोस्टमन दारात आला की सासरे 'घेणार नाही' सांगून परत पाठवत. परत गेलेल्या त्या सगळ्या मनीऑर्डरींचे कागद त्याने जपून ठेवले आणि कोर्टात मांडले : मी द्यायला तयार होतो, मालकच घेत नव्हते. सासरे हरले. तेव्हा रागाने भाडं नाकारू नका. नोटीस दिल्यावर पैसे आले तर घ्या, आणि 'आमच्या हक्कांना बाधा न येता स्वीकारले' असं पावतीवर लिहा.

आता त्या ठरावाकडे येते.

भाडेकरूची वीज, पाणी यांसारखी आवश्यक सेवा घरमालकाने योग्य कारणाशिवाय स्वतः किंवा दुसऱ्याकरवी तोडू नये, असं त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं. ते शिक्षापात्र आहे. 'आपला करार लायसन्सचा आहे, आपल्याला ते लागू नाही' असा मुद्दा सभेत कोणीतरी मांडला. त्यावर वकील काय वाद घालायचा तो घालोत. पाणी तोडल्यावर घरातली बाई लहान मूल कडेवर घेऊन पोलीस चौकीत गेली तर तुमची सगळी खरी थकबाकी बाजूला राहील आणि चर्चा पाण्याची होईल. समितीने व्हॉल्व्ह बंद केला तर समितीचे पदाधिकारीही त्यात ओढले जातील, ज्यांचा त्या भाड्याशी काडीचा संबंध नाही. भाडं हा मालक आणि त्याच्या भाडेकरूमधला व्यवहार आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटपोटी सोसायटी सेवाशुल्काच्या फार तर दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, तेही मालकाकडून. भाडं वसूल करून देण्याचं काम त्यात येत नाही.

फलकावर नाव लावणं तर मला पाण्याहून वाईट वाटतं. त्या घरातली मुलं त्याच फलकासमोरून शाळेच्या बसला जातात. आणि थोडं आपल्याकडेही पाहू. सभासदांच्या मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी वार्षिक सभेत वाचली गेली तेव्हा नावं वाचायला आपणच हरकत घेतली होती, फ्लॅट नंबर पुरेत म्हणालो होतो.

तेव्हा समितीला विनंती अशी. हा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर येणार असेल तर तो लेखी, पूर्ण मजकुरासह आठ दिवस आधी सर्व सभासदांना मिळावा, आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला जावा. त्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी एका जाणकार वकिलाला क्लबहाऊसमध्ये बोलवू. प्रत्येकाने आपला करार घेऊन यावा, नोंदणी आहे का, मुदत कधी संपते, थकबाकीचं कलम आहे का, हे तिथल्या तिथे तपासून घेऊ. वकिलांची फी मी अर्धी देईन. ज्या ज्येष्ठ सभासदांची औषधं भाड्यावर अवलंबून आहेत, त्यांच्या भाडेकरूशी बोलायला त्यांची हरकत नसेल तर मी सोबत यायला तयार आहे. दोन माणसं समोर बसली की आवाज चढत नाही, असा अनुभव आहे.

माझ्या करारातली तारीख, सवलतीचे दिवस, थकबाकी आणि नोटीस ही चार कलमं मी टाइप करून ठेवली आहेत. प्रती काढल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी संध्याकाळी पाचनंतर बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर यावं. दार उघडंच असतं.

आपली,
एक सभासद आणि घरमालक